कोंडिबाचा विमानखर्च

एका गावात एक भोळा कोंडिबा होता. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, तिथले लोक आधीच वैतागलेत. कोंडिबा कामाचा माणूस. सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. पंचाईत एवढीच, की जेवढं सांगितलं तेवढंच करायचा, आणि जसं सांगितलं अगदी तसंच करायचा.

एकदा त्याला ताप आला. डॉक्टर म्हणाले, "ही गोळी पाण्याबरोबर घ्या." गावात नळाला पाणी यायचं एक दिवसाआड. कोंडिबाने गोळीही एक दिवसाआड घेतली. पाणी आलं की गोळी. मग कुठंतरी पाइप फुटला आणि आठ दिवस नळ कोरडा. आठ दिवस हा तापाने फणफणत नळापाशी बसून राहिला, गोळी हातात घेऊन.

त्याची बायको भागीरथी मात्र हुशार होती. तिला एकच खोड. कोंडिबाचं काही चुकलं, की पुढच्या वेळी काय करायचं ते ती समजावून सांगायची. आणि कोंडिबाची खोड अशी, की तो ते ऐकायचा. विसरायला नको म्हणून खांद्यावरच्या उपरण्याला गाठ मारायचा. त्या उपरण्याला एवढ्या गाठी होत्या, की धोब्याने ते कधीच नाकारलं होतं.

तर या कोंडिबाला एक बहीण. इंदू तिचं नाव. दिलेली कोकणात, देवघळीला. इंदूची एकुलती एक मुलगी सायली, आणि सायलीचं लग्न ठरलं. मार्गशीर्षातला मुहूर्त, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांचा.

लग्नात मामाचं काम काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मामाने आणलेली पिवळी अष्टपुत्री नेसून मुलगी गौरीहर पुजायला बसते, आणि मग मामाच तिचा हात धरून तिला बोहल्यावर नेतो. नवऱ्याकडच्यांच्या कानावर कोंडिबाची कीर्ती गेली होती. त्यांनी सुचवलं, की मामा म्हणून दुसरा कुणी उभा करू. दूरचा एखादा चालेल. सायलीने ते ऐकलं आणि सरळ सांगितलं, "मामा म्हणजे कोंडूमामा. त्याने हात धरल्याशिवाय मी पाटावरून उठायची नाही. मुहूर्त टळला तर टळला."

तिचंही बरोबर होतं. लहानपणी सुट्टीत मामाकडे आली, की ती म्हणायची, "मामा, इथंच थांब, मी आलेच." आणि खेळायच्या नादात विसरून जायची. मामा संध्याकाळपर्यंत तिथंच उभा असायचा. आपण सांगितलं म्हणून दिवसभर उन्हात थांबणारा माणूस सगळ्यांना मिळत नाही, हे त्या पोरीला तेव्हाच कळलं होतं.

आता झालं असं, की घाटातला पूल दुरुस्तीला काढलेला. एसटी बंद. लांबच्या रस्त्याने जायचं तर दीड दिवस. म्हणून इंदूच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, लग्नादिवशीच्या सकाळचं विमानाचं तिकीट काढून पाठवलं. जिल्ह्याच्या गावाहून नव्यानेच एक छोटं विमान सुटत होतं. विमान कसलं, वडापच्या जीपला पंख लावले होते म्हणा. आठ प्रवासी आणि पुढे चालवणारा. त्याची मान मागच्यांना दिसायची.

भागीरथीची म्हैस आजउद्यात व्यायला आली होती, तेव्हा ती काही हलणार नव्हती. तिने बोकड विकून आलेले आठ हजार रुपये नवऱ्याच्या हातावर ठेवले.

"प्रवासात कुठं काय खर्च निघेल सांगता येत नाही," ती म्हणाली. "आणि हे बघा, सगळे पैसे एका जागी ठेवू नका. चार ठिकाणी ठेवा."

"बरं," कोंडिबा म्हणाला, आणि त्याने गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो विमानतळावर पोचला. एक पत्र्याची शेड, एक काटा आणि काट्यामागे एक मुलगी. भिंतीवर पाटी होती. माणूस आणि सामान मिळून पंच्याऐंशी किलो. मुलीने त्याची पिशवी काट्यावर ठेवली. आत अष्टपुत्री, कपडे, पितळेचं घंगाळ आणि रुखवतासाठी बेसनाच्या लाडवांचा भलामोठा डबा.

"काका, पिशवी अठरा किलो. तिकिटावर तुमचं वजन एकाहत्तर लिहिलंय. चार किलो जास्त होतात. किलोला अडीचशे, म्हणजे हजार रुपये भरा."

हजार रुपये म्हटल्यावर कोंडिबाने बाजूला जाऊन फोन लावला.

"आता काय केलंत?" भागीरथीने विचारलं. फोन आला की ती हॅलो म्हणत नसे.

"काही नाही. हजार मागतायत."

"मग द्या की. आठ हजार दिलेत ना?"

"माझ्याकडे दोनच आहेत."

"आणि बाकीचे?"

"तू सांगितलंस तसे चार ठिकाणी ठेवले. दोन हजार ज्वारीच्या कणगीत, दोन देव्हाऱ्यामागे, दोन गिरणीवाल्या मारुतीकडे. आणि दोन माझ्या खिशात."

फोनमध्ये भागीरथीच्या मागे म्हैस ओरडली.

"अहो, चार ठिकाणी म्हणजे अंगावरच चार ठिकाणी. कोपरीत, पिशवीत, कमरेला. कणगी काय देवघळीला येणार आहे?"

"तू तसं म्हणाली नाहीस."

"नाही म्हणाले. चुकलं माझं. आता ते हजार वाचवा. लाडू कमी करा डब्यातले. वेळ आहे ना अजून? जास्तीचं पोटात घाला, पण पैसे घालवू नका."

"बरं," म्हणून कोंडिबाने गाठ मारली, आणि शेडच्या बाकावर डबा उघडून बसला. चार किलो लाडू पोटात जाणं माणसाच्या हातात नाही. पण त्याने प्रयत्नात कसर ठेवली नाही. एकवीस लाडू खाल्ले. बेसनाचा लाडू टाळूला चिकटतो, म्हणून वर दोन लिटरची पाण्याची बाटली संपवली. मग पोटावर हात फिरवत पुन्हा काट्यापाशी आला.

मुलीने पिशवीचं वजन केलं. पावणेसतरा. कोंडिबा खूश झाला.

"आता तुम्ही या काट्यावर," मुलगी म्हणाली.

"मी कशाला?"

"छोटं विमान आहे काका. इथं माणूसही मोजतात."

कोंडिबा काट्यावर चढला. तिने आकडा पाहिला, तिकीट पाहिलं, परत आकडा पाहिला. "सव्वाचौऱ्याहत्तर. म्हणजे एकूण एक्याण्णव. आधी एकोणनव्वद होते. आता सहा किलो जास्त. दीड हजार भरा."

"पण मी तर कमी केलं."

"डब्यातून कमी केलंत आणि पोटात नेलंत. वर दोन लिटर पाणी भरलंत. काका, एक लक्षात ठेवा. कागदावर असेल तेवढंच आत जातं. जास्तीचं आत गेलं की पैसे पडतात."

मुलगी समजुतीने बोलली, म्हणून कोंडिबाने तिच्याही नावाची एक गाठ मारली. दीड हजार भरले. खिशात पाचशे उरले. त्याने बायकोला फोन लावला.

"आता काय केलंत?"

"तू सांगितलंस तेच. जास्तीचं पोटात घातलं."

त्याने सगळं सांगितलं. भागीरथीने कपाळावर हात मारलेला फोनमधूनही ऐकू आला.

"अहो, तुमचं पोट काय इथं राहणार होतं? तुम्ही जाल तिथं ते येणारच. तिथं माणसं बसली असतील ना? वाटून टाकायचं. एकेकाच्या हातावर ठेवायचं आणि मोकळं व्हायचं. पुढच्या वेळी लक्षात ठेवा. गरजेपुरतं ठेवून जास्तीचं वाटून टाकायचं."

"बरं. पुढच्या वेळी," कोंडिबा म्हणाला, आणि गाठ मारली.

विमान उडालं. कोंडिबाच्या शेजारी एक सुटातला माणूस बसला होता. त्याने कोंडिबाकडे एकदा पाहिलं आणि आपला सूट आवरून घेतला. बाकीचे प्रवासी देवाचं नाव घेत होते. कोंडिबाला भीती वाटली नाही, कारण घाबरा असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

अर्ध्या तासात चालवणारा मागे वळून म्हणाला, "खाली कोकणात धुकं आहे. धुकं उठेपर्यंत पानवळीला थांबू." आणि विमान भलत्याच माळावर उतरलं. तिथंही एक शेड. शेडमध्ये चहाचं एक कॅन्टीन. सगळे खुर्च्यांवर टेकले. साडेनऊ वाजले. पावणेदहा वाजले. कोंडिबाचा जीव खालीवर होऊ लागला. बारा वीसला सायली पाटावर बसून असणार, आणि हा इथं माळावर.

काय करावं कळेना, म्हणून त्याने एक चहा घेतला. वीस रुपये. पाचशेची नोट दिली, सुटे परत आले. चारशे ऐंशी. ते हातात धरून कोंडिबा विचार करू लागला. चहा झाला. आता गरज काही नाही. म्हणजे हे चारशे ऐंशी गरजेपेक्षा जास्तीचे झाले.

त्याने उपरण्याची गाठ चाचपली आणि उठला. आपल्याशिवाय सात प्रवासी आणि आठवा विमान चालवणारा. प्रत्येकी साठ. कॅन्टीनवाल्याकडून दहा-दहाच्या नोटा करून घेतल्या आणि एकेकाच्या हातावर ठेवत निघाला.

"हे काय?" एका बाईने विचारलं.

"साठ रुपये. वाटून टाकतोय."

"उशीर झाला म्हणून का?"

कोंडिबाने विचार केला. उशीर झाला नसता तर चहा घेतला नसता, आणि चहा घेतला नसता तर सुटे आले नसते. "हो," तो म्हणाला.

झालं. सगळ्यांनी हात पुढे केले. सुटातल्या माणसाने नोटा मोजल्या आणि त्याचा चेहरा वाकडा झाला.

"दीड तास बसवून ठेवलंय आणि भरपाई साठ रुपये? तुमच्या साहेबाचा नंबर द्या मला."

"साहेब नाही. बायको आहे."

"बाई असू दे. मी तक्रार करणार. हे फार कमी आहेत."

"एवढेच होते," कोंडिबा ओशाळून म्हणाला. "माफ करा." त्याला खरोखरच वाईट वाटलं. चालवणारा डोळे मिटून पडला होता, त्याच्या टोपीत साठ रुपये खोचून कोंडिबा जागेवर येऊन बसला. पलीकडे सुटातला माणूस बाकीच्यांना सांगत होता, की आवाज चढवला म्हणून निदान साठ तरी मिळाले.

धुकं पावणेअकराला उठलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी विमान देवघळीच्या धावपट्टीवर टेकलं. आणि आता कळलं, की देवघळी तिथून चौदा किलोमीटर. सुटातल्या माणसाला न्यायला गाडी आली होती. तो गेला. बाकीचे ज्याच्या त्याच्या वाटेने पांगले. उरली एक जीप.

"तीनशे रुपये," जीपवाला म्हणाला. "आधी पैसे, मग गाडी."

कोंडिबाने खिसा चाचपला आणि फोन लावला.

"आता काय केलंत?"

"तू सांगितलंस तेच. जास्तीचं वाटून टाकलं."

"काय वाटलंत? लाडू?"

"पैसे."

हे ऐकून भागीरथी जोत्यावर बसली. नंतर ती सगळ्यांना सांगायची, की तेव्हा मला रडू येत होतं आणि हसूही, दोन्ही एकदम.

"जीपवाल्याला म्हणावं, मांडवात गेलं की दाजी देतील," ती म्हणाली.

कोंडिबाने तसं म्हटलं. जीपवाला म्हणाला, "मागच्या लग्नसराईतही एक पाहुणा असंच म्हणाला होता. मी अजून त्याचे दाजी शोधतोय."

"ऐका," भागीरथी घाईने म्हणाली. "अकरा वाजून गेलेत. पोरगी वाट बघत असेल. तुमच्याजवळ जे आत्ता लागत नाही ते द्या त्याला, आणि निघा. पण अष्टपुत्रीला हात लावायचा नाही. आत्ता लागत नाही तेवढंच."

फोन ठेवून कोंडिबाने गाठ मारली आणि पिशवीत पाहिलं. साडी नाही द्यायची. घंगाळ मांडवात लागणार. लाडू रुखवतात लागणार. मग त्याने खाली पाहिलं. पायात लग्नासाठी घेतलेल्या नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपला. नऊशे रुपयांच्या. आता जीपमध्ये बसायचं. बसलेल्या माणसाला चपला कशाला लागतात?

त्याने चपला काढून दिल्या. जीपवाल्याने पायात घालून पाहिल्या. बरोबर मापाच्या निघाल्या. तो इतका खूश झाला, की गाडी त्याने हाणलीच.

मांडवाच्या अलीकडे शंभर पावलांवर जीप थांबली. पाण्याचा टँकर सांडून तिथं सगळा चिखल झालेला. कोंडिबा चिखलातून अनवाणी चालत निघाला आणि वाटेत त्याने फोन केला.

"आता काय केलंत?"

"पोचलो. चपला दिल्या."

"गहाण दिल्या ना? तीनशे देऊन परत घेणार ना?"

"तसं काही बोलणं झालं नाही. जीप गेली."

"अहो, नऊशेच्या चपला." भागीरथीचा आवाज आता थकला होता. "नीट ऐका, आणि ही गाठ घट्ट मारा. यापुढे आपलं काही कुणाला देताना आधी विचारायचं, परत कधी देणार. नुसतं विचारायचं नाही, कागदावर लिहून घ्यायचं. दोन साक्षीदार घ्यायचे. तोवर हात सोडायचा नाही. समोर कुणी का असेना. कळलं?"

"कळलं. हात सोडायचा नाही."

ती गाठ त्याने दातांनी ओढून मारली.

अकरा पन्नासला कोंडिबा मांडवाच्या दारात उभा राहिला. इंदू धावत आली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "दादा, किती रे उशीर. ती लोकं दुसरा मामा उभा करायला निघाली होती. पोरगी हटून बसलीय." दादाच्या पायात चपला नाहीत हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण मांडवात कुणाच्याच नव्हत्या.

सायलीने अष्टपुत्री नेसली. बाहेर येऊन मामाच्या पाया पडली, त्याच्या पायांचा चिखल हाताला लागला तो तिने हळूच पुसला, आणि गौरीहरापाशी बसली. कोंडिबा तिच्याकडे बघतच राहिला. एवढीशी होती. इथंच थांब म्हणायची.

बोहल्यावर अंतरपाट धरला गेला. पलीकडे नवरा मुलगा हेमंत हार घेऊन उभा. त्याचे वडील वसंतराव फेटा सांभाळत उभे. त्यांच्या शेजारी नवऱ्याचे काका, आणि काका म्हणजे तोच सुटातला माणूस. तो चारचौघांना विमान कंपनीकडून भरपाई कशी काढली ते सांगत होता.

गुरुजींनी घड्याळ बघून हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

कोंडिबाने सायलीचा हात धरला. चालत बोहल्याशी आला. हात मऊ होता. अंतरपाटाच्या अलीकडे पाट मांडलेला. गुरुजी म्हणाले, "मुलीला इथं उभी करा आणि हात सोडून मागे व्हा."

हात सोडा म्हटल्यावर कोंडिबाच्या डोक्यात सगळं लख्ख झालं. त्याने दुसऱ्या हाताने उपरण्याची शेवटची गाठ चाचपली.

"घेणार कोण?" त्याने विचारलं.

"काय घेणार?" वसंतराव म्हणाले.

"हिला."

"आम्ही. आमच्या घरची सून होतेय ना ती."

"परत कधी देणार?"

सनईवाला थांबला. अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "मुहूर्ताला आठ मिनिटं आहेत."

"परत कधी देणार ते सांगा," कोंडिबा शांतपणे म्हणाला. "आणि लिहून द्या. दोन साक्षीदार लागतील. तोवर हात सुटणार नाही."

"मामा," अंतरपाटाच्या पलीकडून हेमंत म्हणाला, "परत नाही द्यायची. लग्न आहे."

"मग मीही नाही देत," कोंडिबा म्हणाला, आणि सायलीला घेऊन एक पाऊल मागे सरला.

मांडवात गलका झाला. वसंतराव तांबडे झाले. कुणी म्हणालं, आधीच सांगत होतो दुसरा मामा बघा. दाजींनी मेहुण्याचा हात सोडवून पाहिला. कोंडिबाचा हात नांगराच्या मुठीवर घडलेला, तो कसला सुटतोय. इंदूने घाईघाईने भागीरथीला फोन लावला आणि फोन भावाच्या कानाला लावला.

"आता काय केलंत?"

"तू सांगितलंस तेच," कोंडिबा म्हणाला. "हात सोडलेला नाही."

इंदूने बाकीचं सांगितलं. मग भागीरथी म्हणाली, "इंदूवन्सं, त्यांना म्हणावं लिहून द्या. आमचे हे आता हात सोडायचे नाहीत. मी ओळखते ना त्यांना."

"सहा मिनिटं," गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात सुटातले काका पुढे आले. त्यांनी कोंडिबाला निरखून पाहिलं. "अरे, हे तर विमान कंपनीतले. मोठे शिस्तीचे लोक असतात. पैसेसुद्धा एकेकाच्या हातात मोजून देतात. वसंता, देऊन टाक लिहून. ही त्यांची पद्धत असेल."

"अहो, पण लिहू काय?" वसंतराव म्हणाले.

सायली मान खाली घालून हसत होती, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिने मान वर केली. "पाच दिवसांनी मांडवपरतणी आहे ना? तेव्हा मला माहेरी आणणारच आहात. तेच लिहा. मामा बरोबर विचारतोय."

अक्षतांच्या पुडीचा कागद उलगडला. त्यावर वसंतरावांनी लिहिलं, की सायली नावाची एक मुलगी मिळाली, पाच दिवसांनी देवघळीला तिच्या माहेरी आणून देऊ. खाली सही. साक्षीदार म्हणून एक सही काकांनी केली, दुसरी गुरुजींनी. कोंडिबाने कागद दोनदा वाचला, घडी करून कोपरीच्या खिशात ठेवला आणि मग सायलीचा हात सोडला. एक मिनिट उरलं होतं. गुरुजींनी मंगलाष्टकं इतक्या वेगाने म्हटली, की लोकांच्या अक्षता हातातच राहिल्या.

लग्न मुहूर्तावर लागलं. गुरुजींनी नवऱ्याच्या उपरण्याची आणि नवरीच्या पदराची गाठ मारली, ती कोंडिबाने पाहिली. यांनाही कुणीतरी काहीतरी समजावून सांगितलंय, एवढं त्याच्या लक्षात आलं.

जेवणं झाल्यावर इंदू भावाच्या शेजारी येऊन बसली. "लोक हसतायत दादा. हसू देत. माझ्या लग्नात कुणी हे विचारलंच नाही रे, परत कधी देणार म्हणून. मी वर्षभर वाट बघत बसले होते." कोंडिबाला त्यातलं सगळं कळलं नाही. पण त्याने बहिणीच्या ताटात एक लाडू ठेवला. एकवीस गेले तरी डब्यात बरेच उरले होते.

परतीचं विमान आठवड्यातून एकदाच, म्हणून कोंडिबा तोवर इंदूकडेच राहिला. रोज सकाळी तो कागद काढून बघायचा, तारीख मोजायचा आणि परत ठेवायचा. भागीरथीचा फोन आला. म्हैस व्याली होती, पारडी झाली होती. ती म्हणाली, "आता उरलेले दिवस नीट वागा. नवा काही खर्च काढू नका." कोंडिबाने तीही गाठ मारली.

पाचवा दिवस उजाडला. घरात पुरणाचा घाट घातलेला. इंदू आणि दाजी मागच्या चुलीपाशी गुंतले होते. दारात मोटार थांबली. सायली उतरली, मागोमाग हेमंत, हातात पेढ्यांचा डबा, नवा कुडता, पहिल्यांदाच सासुरवाडीला येणाऱ्या जावयाचा चेहरा.

कोंडिबा कागद घेऊन दारातच उभा होता.

"सायली नावाची एक मुलगी," त्याने वाचलं. सायलीकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत. "बरोबर. मिळाली." त्याने तिला उंबऱ्याच्या आत घेतलं. कागदाच्या पाठीवर 'परत मिळाली' असं लिहिलं, सही केली आणि कागद हेमंतच्या हातात दिला.

"ही तुमची पावती," तो म्हणाला. मग दार लावून घेतलं. आतून कडी घातली.

हेमंतने पावती उलटसुलट करून पाहिली. मग त्याने दार वाजवलं. "मामा, मी राहिलोय बाहेर."

"तुम्हाला आम्ही दिलं नव्हतं," आतून आवाज आला. "परत कसं घेणार?"

"मामा, मी जावई आहे."

"ते मान्य आहे. पण कागदावर नग एकच आहे. जास्तीचं आत घेतलं की किलोला अडीचशे पडतात. मी एकदा भरलेत, आणि बायकोने नवा खर्च काढू नका म्हणून सांगितलंय." दाराची फट किंचित उघडली आणि कोंडिबाने हेमंतला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "डब्यासकट तुमचं वजन किती?"